भूमीच्या पोटातील कणगी

मुलांनो, लातूर शहराला मांजरा नदीवरील धरणातून नळाचे पाणी मिळते. लागोपाठच्या अवर्षणामुळे २०१६ च्या उन्हाळ्यात हे धरण कोरडे पडले व नळ बंद झाले. लोकांनी विंधनविहिरींकडे धाव घेतली. परंतु त्यांतील कित्येक विहिरीही आटल्या होत्या. असे का झाले?

महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या कातळाचा आहे. हा कातळ वाळूप्रमाणे पाणी शोषून घेत नाही. त्याच्या भेगांत व झिजलेल्या थरांत जेवढे पाणी मुरते, तेवढेच साठते. ही साठवण म्हणजे जणू घरातील धान्याची कणगी! पावसाळ्यात ती भरावी आणि उन्हाळ्यात बेताने उपसावी. भरणा थोडा व उपसा फार झाला, की भूजलाची पातळी खाली जाते. मग विहीर कितीही खोल खणली, तरी पाणी लागेलच असे नाही.

अखेर मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल २०१६ रोजी पहिली गाडी लातूरला पोहोचली. तिच्या १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांहून अधिक होती. म्हणजे माणशी वाटणी केली, तर जेमतेम तांब्याभर पाणी!

आडात नाही, ते पोहऱ्यात कोठून येणार? धरण डोळ्यांना दिसते, भूजल दिसत नाही. म्हणूनच त्याचा हिशेब अधिक जपून ठेवावा लागतो. छपरावर पडणारे पावसाचे पाणी जमिनीत मुरविणे, हा त्या कणगीतील आपला भरणा होय.