वजन कां उतरत नाहीं ?

शरीर हा मोठा काटेकोर हिशेबनीस आहे. आपण जें खातों तें तो जमेस धरितो, जे श्रम करितों ते खर्चीं घालितो, आणि उरलेली शिल्लक चरबीच्या रूपानें सांठवितो. वजन उतरावें अशी इच्छा करणारे पुष्कळ. परंतु अनेकांचा प्रयत्न फसतो. त्याचें कारण दरवेळीं आळस नसतें. जमाखर्च मांडण्यांतील चूक, हें पुष्कळदां खरें कारण असतें. विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं या चुका ओळखाव्या, एवढ्यासाठीं हा लेख.

पहिली चूक फराळाची. आपल्या डोंगरकड्याच्या परिसरांत ज्वारीची भाकरी हें नित्याचें अन्न. एकादशीस वा चतुर्थीस ती वर्ज्य करून साबुदाण्याची खिचडी खातात, आणि पोटास विश्रांति मिळाली असें समजतात. आतां गणित करूं. ६० ग्रॅम साबुदाण्यांत सुमारें २१० उष्मांक, २५ ग्रॅम दाण्याच्या कुटांत १४० आणि १५ ग्रॅम तुपांत १३५, बेरीज ४८५. उलट ६० ग्रॅम पिठाच्या एका भाकरींत सुमारें २०० उष्मांक असतात. म्हणजे एक बशी खिचडी दोन भाकरींहूनही भारी पडली ! शिवाय साबुदाणा म्हणजे कंदापासून काढलेलें निव्वळ पिष्ट. त्यांत प्रथिनें नांवापुरतींच. उपवासाबद्दल आमची तक्रार नाहीं. फराळाच्या बशीस उपवास म्हणण्याबद्दल आहे.

दुसरी चूक चहाच्या साखरेची. पाहुणा आला, चहा झाला. शेजारीं गेलों, चहा झाला. चार कपांत प्रत्येकीं दोन लहान चमचे धरल्यास दिवसाची साखर ४० ग्रॅम, म्हणजे १६० उष्मांक होते. महिन्याचे ४८०० झाले. एक किलो चरबींत सुमारें ७७०० उष्मांक असतात. त्यावरून या न मोजलेल्या साखरेचें वजन वाचकांनींच ठरवावें.

तिसरी चूक श्रमांची. बैलांमागें दिवसभर चालणाऱ्या, खांद्यावर ओझें वाहणाऱ्या आजोबांस भरलेलें ताट शोभत असे. आज ट्रॅक्टर आला, घरोघर मोटारसायकल आली. ताट मात्र तेंच राहिलें. कोणी सकाळीं तासभर फिरावयास जातो, हें उत्तमच. परंतु त्या तासांत साधारणपणें दोनअडीचशें उष्मांक खर्च होतात, व परतीच्या वाटेवर खाल्लेल्या दोन बटाटेवड्यांत ते सहज भरून निघतात. व्यायाम हृदयास व स्नायूंस हितकर आहे, पण तो जिभेचें कर्ज फेडूं शकत नाहीं.

चौथी चूक याच्या अगदीं उलट, म्हणजे अघोरी उपासमारीची. १९४४–४५ सालीं अमेरिकेंत मिनेसोटा विद्यापीठांत ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञानें ३६ तरुण स्वयंसेवकांस सहा महिने अर्धपोटीं ठेवून निरीक्षण केलें. त्यांचें वजन सुमारें चतुर्थांशानें घटलें. परंतु शरीरानें आपला खर्चही आंखडता घेतला, मन उदास झालें, आणि रात्रंदिवस अन्नाचेंच चिंतन सुरू झालें. निर्बंध सैल होतांच त्यांपैकीं कित्येकांची भूक आवरेना. आठ दिवसांत चार किलो उतरविण्याचे उपाय करणारांनीं हें ध्यानांत धरावें. आरंभीं जें वजन झटकन् उतरतें, त्यांत पाण्याचाच वांटा मोठा असतो.

पांचवी चूक केवळ कांट्यावर भिस्त ठेवण्याची. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनीं २००४ सालीं एक मार्मिक तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही उंचीच्या मानानें वजनाचा अंक २२·३ असा एकच होता. परंतु युडकिन यांच्या शरीरांत चरबी ९·१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरांत २१·२ टक्के! आपल्याकडील मनुष्य अंगानें बारीक दिसूनही आंतून चरबीदार असूं शकतो, आणि मधुमेह त्यास लौकर गांठतो. म्हणून कंबरही मोजावी. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर व स्त्रियांची ८० सेंटिमीटर याहून अधिक भरल्यास सावध व्हावें व वैद्यकीय सल्ला घ्यावा.

बालमित्रांनो, यांतून तुम्हीं भलताच अर्थ काढूं नये. तुमचें वय वाढीचें आहे. हाडें व स्नायू आतां घडत आहेत. कोणी 'जाड्या' म्हणून हिणविलें म्हणून जेवण टाकणें हा शहाणपणा नव्हे, आणि असें हिणविणें हें सभ्यपणाचें लक्षण नव्हे. तुम्ही रोज तासभर खेळा, वेळेवर निजा, आणि भाकरी, वरण, पालेभाजी, दूध पोटभर घ्या. पालकांनींही मुलांचें वजन उतरविण्याचा प्रयोग डॉक्टरांस विचारल्यावांचून करूं नये.

अखेरीस सर्वांसाठीं एक अभ्यास. आठ दिवसपर्यंत एका वहींत प्रत्येक घास व प्रत्येक घोट लिहून ठेवा. चहा, चिवडा, मुलांच्या ताटांत उरलेलें, सणाची पुरणपोळी, कांहींही वगळूं नका. नवव्या दिवशीं ती वही घरांतील सर्वांनीं एकत्र बसून वाचावी. तेल, साखर व तळण यांत जी एक गोष्ट सहज कमी करतां येईल ती करावी, आणि ती वर्षभर सोडूं नये. हळूहळू उतरलेलें वजनच टिकण्याचा संभव अधिक.