आधी त्या वायरीतले रंग मोज

मीनू, काल रात्री पावणेअकराला तू पाठवलेला स्पीडटेस्टचा फोटो पाहिला. २८७. आणि त्याखाली, 'ताई, हजाराचे पैसे घेतात आणि हे देतात. उद्या त्या पोराला फैलावरच घेते.' घे हो, पण आधी माझं ऐक. मीही एकाला असंच घेतलं होतं, आणि नंतर त्याला चहा देताना वर बघायची सोय राहिली नव्हती.

तुला ही गोष्ट कधी सांगितली नाही, लाज वाटते म्हणून. या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा आम्ही हौसेनं एक गिगाबिटचं कनेक्शन घेतलं. महिन्याला चार हजारांच्या घरात, वर जीएसटी. पहिल्याच दिवशी माझ्या टेबलावर लॅपटॉपला वायर जोडून मोजलं तर ९४. सकाळी ९४, दुपारी ९४, रात्री ९४. तीन आठवड्यांत चार तक्रारी टाकल्या. फोनवरच्या मुलीला 'तुम्ही लोकांना लुबाडता' इथपर्यंत बोलून झालं. शेवटी एक पंचविशीतला मुलगा आला. वाद नाही, काही नाही. सॅकमधून स्वतःची वायर काढली, हॉलमधल्या राउटरच्या डब्याला स्वतःचा लॅपटॉप जोडला. ९३८. मग माझ्या खोलीत येऊन भिंतीवरच्या पॉइंटचे दोन स्क्रू काढले आणि मला दिसावं म्हणून नुसता बाजूला झाला. आत केबलमधल्या आठ तारांपैकी चारच जोडलेल्या. उरलेल्या चार आमच्या इलेक्ट्रिशियननं पलीकडच्या खोलीकडे वळवलेल्या. एका केबलमध्ये दोन पॉइंट, तेवढीच काटकसर. 'काकू, चार तारांवर शंभरच जातं,' एवढंच बोलला तो. 'काकू'चा राग यायलाही तोंड उरलं नव्हतं.

तेव्हापासून मला आकडा दिसला की त्याच्यामागचा गुन्हेगार दिसायला लागतो. वायर लावूनही ९४-९५च्या वर जात नसेल, दिवसभर तिथेच अडून बसला असेल, तर कुठेतरी शंभराचा दुवा आहे: अर्धवट जोडलेली केबल, जुना राउटर, नाहीतर लॅपटॉपचंच पोर्ट. कंपनीकडे गर्दी झाली की आकडा वरखाली होतो, तो असा सुईवर बसल्यासारखा एका जागी राहत नाही.

आता तू म्हणशील, मग त्या मुलाच्या लॅपटॉपवर तरी ९३८ का, हजार का नाही? ते ६२ कोणी खाल्ले? कोणी नाही गं. टपाल पाठवताना पाकिटाचं वजन धरतातच ना, तसं आहे. नेटवरचा मजकूर छोट्या छोट्या पाकिटांतून जातो. एका पाकिटाला तारेवर साधारण १५३८ बाइटची जागा लागते, पण त्यात तुझ्या कामाचा माल असतो जेमतेम १४५० ते १४६०. बाकी पत्ता, शिक्के, आणि दोन पाकिटांमधली मोकळी जागा. त्यामुळे हजारी पोर्टातून ९४०च्या आसपास दिसलं की पेढे वाट. त्या ६०साठी भांडू नकोस, जिंकणार नाहीस.

बिट आणि बाइटचा घोळही इथेच निस्तरून टाकू. निखिल परवा फोनवर म्हणत होता की गेम डाउनलोड करताना फक्त ११० येतं. अरे बाबा, ते मेगाबाइट! आठनं गुण, ८८० झाले. जावईबापूंना सांग, त्याहून फार जास्त येणार नाही. हजार मेगाबिट म्हणजे कागदावर १२५ मेगाबाइट, आणि पाकिटाचं वजन गेलं की ११७ वगैरे.

बरं, तुझं २८७. खरं सांग, मोजलंस कुठे? पलंगावर, फोनवर, बेडरूमचं दार लावून. आणि डबा आहे दाराशी चपलांच्या कपाटावर, कारण फायबरवाल्याला तिथवरच ओढायचा कंटाळा नव्हता. मध्ये दोन विटांच्या भिंती आणि तुझं ते आरशाचं वॉर्डरोब. एवढ्यातून २८७ आलं म्हणजे वायफायनं तुझ्यावर उपकार केलेत. चांगल्यापैकी फोनला ५ गिगाहर्ट्झवर कागदोपत्री ८६६चा दुवा मिळतो, नवा वायफाय ६वाला असेल तर १२०१; पण हवेतून प्रत्यक्ष हातात येतं त्याच्या अर्ध्या-पाऊणइतकं, तेही डब्यासमोर बसून. आणि फोन जर २.४वर चिकटला असेल तर विचारूच नकोस. तुमच्या त्या इमारतीत एकेका मजल्यावर आठ घरं, प्रत्येकाचं वायफाय त्याच पट्ट्यात, म्हणजे लग्नाच्या पंगतीत कानगोष्टी करण्यासारखं. वायफायवरचा आकडा घराचा असतो, कंपनीचा नसतो. कंपनीशी बोलायचं तर वायरीवरचाच आकडा हातात हवा.

म्हणून उद्या त्या पोराला फोन करण्याआधी एवढं कर. हॉलमध्ये डब्याशेजारी जमिनीवर बस. वायर हातात घे आणि तिचं टोक, ते पारदर्शक प्लास्टिकचं, खिडकीच्या उजेडात धर. आत बारीक रंगीत तारा दिसतील: केशरी, हिरवी, निळी, तपकिरी, आणि प्रत्येकीची पांढऱ्या पट्ट्यांची जोडीदारीण. आठ मोज. दोन्ही टोकांना. केशरी आणि हिरव्याच दिसल्या, निळ्या-तपकिरीचा पत्ताच नाही, तर ती वायर फेकून दे, सेट टॉप बॉक्ससोबत आलेली असेल. अंगावर बारीक अक्षरात कॅट ५ई किंवा कॅट ६ छापलेलं असलं की पुरे. त्याहून महागातली 'गेमिंग' वायर कोणी गळ्यात मारायला आलं तर घेऊ नकोस, घरातल्या घरात काही फरक पडत नाही.

तुझ्या लॅपटॉपला वायरीचं भोक नाही हे मला माहीत आहे. निखिलचा तो अडॅप्टर वापरशील, पण तो जुना आहे, यूएसबी २चा. वर मोठ्या अक्षरात गिगाबिट लिहिलंय, पण यूएसबी २ची धावच ४८०ची, त्यातून प्रत्यक्षात तीनशेच्या आसपास निघतं. मग पुन्हा तोच गैरसमज, की कंपनी चोर. यूएसबी ३चा घे. जोडलास की विंडोजच्या सेटिंगमध्ये इथरनेटखाली 'लिंक स्पीड' बघ. १०००/१००० दिसलं तरच पुढे जा. १००/१०० दिसलं तर टेस्ट लावायचीच नाही, घोडं तिथेच पेंड खातंय.

आणि बाई, ऑफिसचा व्हीपीएन बंद कर! मागे तू ४० ४० म्हणून रडत होतीस ना, तेव्हा तुझी सगळी वाहतूक ऑफिसच्या सर्व्हरवरून फिरून येत होती. घरातला टीव्ही बंद, आईच्या टॅबवरचे कीर्तनाचे व्हिडिओ बंद, फोनचा बॅकअप बंद. ब्राउझरमध्ये मोजण्यापेक्षा स्पीडटेस्टचं ॲप उतरवून घे. जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसर एवढ्या वेगात ब्राउझरमध्येच धापा टाकतो आणि आपल्याला वाटतं नेट धापा टाकतंय.

आता यातली मेख सांगते. ऊकलाच्या स्पीडटेस्टचं बटण दाबलं की ते जवळचा सर्व्हर निवडतं, आणि तो पुष्कळदा तुझ्याच कंपनीच्या आवारात बसलेला असतो. म्हणजे घरापासून सोसायटीच्या गेटपर्यंतचा रस्ता मोजला आणि म्हणालो, मुंबई-पुणे झकास आहे. अर्थात तो आकडा खोटा नसतो. तुझ्या दारापर्यंतची तार ठीक आहे हे त्यातून कळतं, आणि ते आधी कळायलाच हवं. पण मग त्याच ॲपमध्ये सर्व्हर बदल. मुंबईतला दुसऱ्या कंपनीचा घे, मग चेन्नईचा, मग सिंगापूरचा. फास्ट डॉट कॉमही लावून बघ. ती नेटफ्लिक्सची आहे, म्हणून सिनेमा कसा येईल ते तिच्यावरून बरं कळतं. क्लाउडफ्लेअरची टेस्टही असते. तिन्हीत आकडे वेगवेगळे येणार, त्याला घाबरू नकोस. सगळीकडे ९०० आणि एकाच ठिकाणी २००, तर त्या ठिकाणची वाट अरुंद. सगळीकडेच २००, तर मात्र बोलायला जागा आहे.

लांबचा आकडा पडतो त्याला अजून एक कारण आहे, आणि ते कळायला मला वेळ लागला. समोरून 'मिळालं' असा निरोप आल्याशिवाय पाठवणारा थोडाच माल पुढे सोडतो. अमेरिकेला जाऊन-येऊन २२० मिलिसेकंद लागत असतील, तर हजारी नळ भरभरून वाहायला एका वेळी वाटेवर साडेसत्तावीस मेगाबाइट हवेत. एकटी जोडणी बहुधा तेवढं सांभाळत नाही. स्पीडटेस्ट हुशार; ते एकदम बऱ्याच जोडण्या उघडतं, जसं टँकर आला की आपण दोन-चार हंडे एकदम लावायचो. म्हणून टेस्टमध्ये ९०० आणि ऑफिसची एक फाइल मात्र ६०नं, असं होतं. दोन्ही खरं. ऑफिसचा सर्व्हरच हात आखडून देत असेल, तेही शक्य आहे.

वेळ बदलून मोजायला विसरू नकोस. फायबर तुझ्या एकटीसाठी येत नाही. जीपॉन नावाची जी पद्धत सर्रास वापरतात, तिच्यात एका फांदीवर येणारं अडीच गिगाबिट ३२ किंवा ६४ घरांत वाटलं जातं. सगळे एकदम नळ सोडत नाहीत म्हणून निभतं. पण रात्री नऊ ते अकरा, क्रिकेट आणि मालिका एकदम, तेव्हा खरा कस लागतो. सकाळी सातला, दुपारी तीनला आणि रात्री साडेनऊला, असं चार दिवस मोज. मी कालनिर्णयच्या चौकोनात लिहिते, दुधाच्या हिशेबाशेजारी. सासूबाईंनी एकदा ९३१ लिटर दूध कुठे गेलं म्हणून विचारलं होतं. फक्त दिवसाला पन्नास वेळा लावत बसू नकोस. या वेगात दहा सेकंदांची एक टेस्ट एक जीबीहून जास्त खाते, आणि तुमच्या प्लॅनला महिन्याची मर्यादा असेलच.

एवढं करून वायरीवरही रात्री रोज २०० येत असेल, तर मग फोन कर. आवाज चढवायचा नाही. 'वायरीवर, डब्याला थेट, लिंक हजारची, या तारखांना या वेळी असे आकडे,' एवढं सांगितलंस की पलीकडची मुलगी राउटर बंद-चालू करायला लावत नाही. तक्रारीचा नंबर लिहून घे. काम नाही झालं तर कंपनीचंच अपील अधिकाऱ्याचं दार असतं, तिथे त्याच नंबरानं जायचं. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे त्यांच्या नावानं धमकी देऊन उपयोग नाही. आणि करारातला 'पर्यंत' हा शब्द एकदा वाचून ठेव. 'एक गिगाबिटपर्यंत.' त्या तीन अक्षरांत कंपनीचा वकील बसलेला असतो.

एक विचारू? तुला मुळात त्रास कशाचा होतोय? मीटिंगमध्ये आवाज तुटतो, हाच ना? मग गिगाबिटचा आणि त्याचा फारसा संबंध नाही. व्हिडिओ कॉलला चार-पाच एमबीपीएस पुरतात. टेस्टमध्ये पिंगचे, म्हणजे निरोप जाऊन-येऊन किती मिलिसेकंद लागतात त्याचे, तीन आकडे येतात: शांत असताना, डाउनलोड चालू असताना, अपलोड चालू असताना. पहिला ५ आणि तिसरा ३०० असेल, तर निखिलचे फोटो वर चढत असताना तुझा आवाज रांगेत मागे उभा राहतो. ते राउटरमध्ये कॉलला अग्रक्रम देऊन निस्तरतं, प्लॅन वाढवून नाही. मला तर वाटतं तुम्हाला ३००चा प्लॅनही भरपूर झाला असता, पण निखिलला हजार हा आकडाच आवडला असणार. आमच्याकडेही तेच झालं, म्हणून बोलत नाही.

शनिवारी येते आहे, माझी पिवळी कॅट ६ आणि यूएसबी ३चा अडॅप्टर दोन्ही आणते. तोवर टीव्हीमागची ती वायर ओढून काढ, टोकाचा फोटो काढ आणि पाठव. फ्लॅश लावू नकोस, प्लास्टिक चमकतं आणि रंग दिसत नाहीत.