डिकीचे दार आणि थकलेले शॉकर

प्रश्न : माझ्या जुन्या मोटारीच्या डिकीचे दार पहाटेच्या थंडीत वर ठरत नाही, दुपारी मात्र ठरते. एकच शॉकर बदलला तर चालेल काय?

उत्तर : आपले निरीक्षण मार्मिक आहे. शॉकरच्या नळीत नायट्रोजन वायू प्रचंड दाबाखाली कोंडलेला असतो; वर्षानुवर्षांच्या घर्षणाने दांड्याभोवतीचे सील झिजले, की तो कणाकणाने निसटतो, आणि थंडीत उरलेल्या वायूचा दाबही उतरत असल्यामुळे जे दार दुपारी कसेबसे तोलले जाते तेच पहाटे खाली येते. एकच शॉकर बदलल्यास सारा भार नव्यावर पडून दार तिरपे ओढले जाते. सबब जोडीनेच बदलावेत. नळीवर न्यूटनमध्ये छापलेला आकडा व पूर्ण लांबी जुन्याशी ताडून पाहिल्याखेरीज खरेदी करू नये. अधिक जोराचा शॉकर अधिक चांगला, हा समज बिजागऱ्यांच्या मुळावर येतो.

कामास हात घालण्यापूर्वी दाराला भक्कम लाकडी टेकू द्यावा, किंबहुना एक माणूसच ते धरून उभा करावा, कारण दार डोक्यावर आदळण्याचा धोका याच वेळी सर्वाधिक असतो. टोकावरील स्प्रिंगची क्लिप चपट्या स्क्रू ड्रायव्हरने किंचित उचलली, की गोळ्यावरून टोक सुटते. ती पूर्ण उपसू नये. कारखान्याची मूळ बसवणी निराळी नसेल, तर बंद दारात दांडा खालच्या अंगास राहील असे पाहावे, म्हणजे नळीतील थोडेसे तेल सीलला ओले ठेवते.

काढलेले शॉकर निकामी दिसले तरी त्यांत दाब शिल्लक असतो. ते कापू, छेदू वा जाळू नयेत.