ख्रिस्त, आणि वर आणखी काय?
(वचनाचा अभ्यास : कलस्सैकरांस पत्र, अध्याय २)



या तिमाहीच्या अभ्यासासाठी कलस्सैकरांस पत्राचा दुसरा अध्याय घेतला आहे. पुढे वाचण्याआधी कृपया आपापले पवित्र शास्त्र उघडावे आणि सहाव्या वचनापासून अध्यायाच्या शेवटापर्यंत एकदा वाचून घ्यावे. मी वचने इथे उतरवून देत नाही. दुसऱ्याच्या तोंडून ऐकले तेवढ्यावर थांबू नये, हाच या पाठाचा विषय आहे, आणि त्या दुसऱ्यांत मीही आले.

ईशज्ञानाच्या पदविकेला असताना हा अध्याय आम्हाला होता. परीक्षेत कलस्सै येथील खोट्या शिक्षणाची लक्षणे विचारली होती आणि मला चांगले गुण पडले होते. त्या अध्यायाचा अर्थ मात्र मला गेल्या पावसाळ्यात कळला, धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर, चुलीजवळच्या फळीवरचा एक डबा उघडला तेव्हा.

त्या घरातल्या बहिणीला क्षयरोग झाला होता. थुंकी तपासली, औषध सुरू झाले. सरकारी दवाखान्यात हे औषध फुकट मिळते. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो : पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. काही आठवड्यांतच खोकला उतरतो, भूक लागते, अंगात ताकद येते, आणि खरा धोका तिथेच असतो, कारण जंतू पुरते मेलेले नसतात. तिचे दोन महिने नीट पार पडले होते. मग ओढ्यांना पूर आला आणि महिनाभर मला त्या पाड्यावर जाता आले नाही.

गेले तेव्हा विचारले, "गोळ्या चालू आहेत ना?" ती म्हणाली, "हो ताई." तिच्या मागे उभ्या असलेल्या आशाताईने काही न बोलता फळीकडे डोळ्यांनी खूण केली. डब्यात गोळ्यांची पाकिटे होती, एकही न फोडलेले. शेजारी प्रार्थना केलेल्या तेलाची बाटली, दोनशे रुपयांना घेतलेली.

"प्रार्थना झाली ताई," ती म्हणाली. "आता गोळी खाल्ली तर देवावर विश्वास नाही असं होईल. आणि बरी झाले ना मी."

हळूहळू बाकीचे कळले. सभेत बीज म्हणून अर्पण द्यायला सांगितले होते. सासूला नंदुरबारला डोळे दाखवायला न्यायचे म्हणून एक शेळी राखली होती, ती विकून पैसे दिले. मी रागावले. त्या उपदेशकाचे नाव विचारायला लागले. तेव्हा ती गोंधळून म्हणाली, "पण ताई, तुम्हीपण आमेन म्हणालात ना."

खरे होते. त्या सभेत मी पुढच्या खुर्चीवर बसले होते. डॉक्टरवर भिस्त ठेवणारा दोन धन्यांची चाकरी करतो, असे काहीसे वाक्य व्यासपीठावरून आले. मला ते खटकले, पण सगळ्यांबरोबर तोंडातून आमेन निघून गेले. सवयच आहे ती. मागे चटईवर बसलेल्या बहिणीने माझे आमेन ऐकले आणि त्याच्या आधारावर गोळ्या बंद केल्या. तिने दोष दिला नाही, म्हणून जास्त लागले.

आता कलस्सैकडे वळू. हे गाव आजच्या तुर्कस्तानात, लायकस नदीच्या खोऱ्यात होते. लावदिकीया आणि हेरापली ही शेजारची गावे. पौल स्वतः तिथे गेलेला नव्हता. तिथल्या लोकांनी त्याचे तोंड पाहिले नव्हते, असे तोच लिहितो (२:१). मंडळी उभी राहिली ती त्यांच्यातल्याच एपफ्रासाच्या सेवेतून (१:७, ४:१२). आपल्या डोंगरातल्या मंडळ्यांसारखेच झाले. दूरच्या मोठ्या सेवकाने नव्हे, पायी फिरणाऱ्या स्थानिक भावाने सुवार्ता सांगितली. मग बाहेरून कोणी आले आणि म्हणाले, एपफ्रासाने सांगितले ते ठीक, पण पुरेसे नाही.

नीट पाहा, येशूला सोडा असे कलस्सैमध्ये कोणीच म्हणत नव्हते. १६ ते २३ या वचनांत त्या शिक्षणाचे तुकडे दिसतात. अमुक खा, तमुक पिऊ नका. सण, अमावास्या, शब्बाथ पाळा. देवदूतांची उपासना करा. मला दर्शन झाले आहे, तुम्हाला झालेले नाही. याला हात लावू नका, ते चाखू नका. यात येशू नाकारलेला नाही, फक्त तो अपुरा ठरवला आहे. म्हणून असे शिक्षण ओळखू येत नाही. ते उपासाचे, नम्रतेचे, शरीरदंडनाचे कपडे घालून येते, आणि आपल्याकडे अशा माणसाच्या पाया पडण्याची जुनी ओढ आहे.

आठव्या वचनात पौल सावध राहायला सांगतो. तिथले मूळ ग्रीक क्रियापद लुटीचे आहे : लूट म्हणून धरून नेणे. रात्री गोठ्यातून बैल सोडून नेतात तसे. नेणाऱ्याची हत्यारे पौल सांगतो : पोकळ भुलथापा आणि माणसांनी घालून दिलेला संप्रदाय. बैल आपल्या पायांनीच चालत जातो, हे मी माझ्याकडून जोडते.

पण या अध्यायातले सर्वांत मोलाचे वचन मला चौदावे वाटते. आमच्या भागातली पुष्कळ घरे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. जाण्याआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. हंगामभर राबून परत निघताना मुकादम वही उघडतो आणि म्हणतो, अजून बाकी निघते. अंगठा दिलेला असतो, वाचता येत नाही, काय बोलणार? पौल ज्या ऋणलेखाबद्दल लिहितो तो असाच आहे, कर्जदाराने स्वतः लिहून दिलेली कबुली. देवाने तो खोडला, मधून काढून टाकला आणि वधस्तंभाला खिळला. त्या बहिणीच्या अंगणात मी हे वाचले तेव्हा तिच्या नवऱ्याने विचारले, "ताई, वही खोडली की नुसती मिटली? मिटली असेल तर परत उघडतील." इतका नेमका प्रश्न मला वर्गात कोणी विचारला नव्हता. आम्ही ते वचन पुन्हा वाचले, मराठीतून आणि मग त्याने स्वतः पावरीतून. खोडली. जो कोणी ख्रिस्ताच्या नावाने येऊन सांगतो की अजून एवढे तेल, एवढे उपास, एवढे अर्पण बाकी आहे, तो खोडलेल्या वहीतून बाकी काढतो आहे.

आता तेलाविषयी, कारण पुष्कळांच्या मनात याकोबाचे पत्र आले असेल. आजाऱ्याने वडिलांना बोलवावे, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असे तिथे आहेच (५:१४). मी प्रार्थनेने बरे होण्यावर विश्वास ठेवते आणि आजाऱ्यांवर हात ठेवून प्रार्थना करते. पण याकोबाच्या त्या वचनात वडील आजाऱ्याच्या घरी येतात. आजाऱ्याला बाटली विकत घ्यावी लागत नाही. आणि प्रार्थना की औषध, असा निवाडा शास्त्र कुठे करते? हिज्कीया राजाने रडून प्रार्थना केली, देवाने ऐकली, पंधरा वर्षे वाढवून दिली, आणि त्याच संदेष्ट्याने गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितला (२ राजे २०:१-७). तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला पौल सांगतो (१ तीमथ्य ५:२३). त्रफिमाला तो मिलेतात आजारी ठेवून पुढे जातो (२ तीमथ्य ४:२०), आणि त्याच्या विश्वासात खोट होती असा एक शब्दही लिहीत नाही. आता ज्या पत्राचा आपण अभ्यास करतो आहोत त्याचा शेवटचा अध्याय काढा. चौदाव्या वचनात सलाम सांगणारा कोण आहे? लूक, प्रिय वैद्य. भुलथापांपासून सावध करणारे पत्र वैद्याचा सलाम घेऊन कलस्सैला गेले. ही ओळ मी अनेकदा वाचली होती, पण ती कधी उपयोगी पडेल असे वाटले नव्हते.

शेळीचा विषय मार्क ७:९-१३ मध्ये जवळजवळ तसाच आहे. आईबापांना द्यायचे ते 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलेले, असे म्हटले की त्यांच्यासाठी काही करायला नको, अशी वाट शास्त्री-परूशांच्या संप्रदायाने काढून दिली होती. येशू त्यावर फार कडक बोलला. अर्पण देणे चांगले, पण म्हातारीच्या डोळ्यांचे पैसे अर्पणाच्या थैलीत गेले तेव्हा देवाचीच आज्ञा रद्द झाली.

एक काळजी पंधराव्या वचनाच्या संदर्भात सांगायला हवी. त्या भागात आजारपण आले की पूर्वी बडव्याकडे जात, तो दाणे पाहून कोणी केले ते सांगे, आणि बोट बहुतेक वेळा एखाद्या एकट्या बाईकडे वळे. आता काही ठिकाणी तेच काम प्रार्थनासभेत होऊ लागले आहे : तुमच्या शेजारच्या बाईत आत्मा आहे, मला दाखवले गेले. दाणे गेले, दर्शन आले; डाकीण ठरणारी बाई तीच राहिली. ख्रिस्ताने सत्ता आणि अधिकार यांना उघडे पाडून त्यांच्यावर जय मिळवला, असे पौल म्हणतो. त्याच्या मंडळीने कोणा बाईला भ्यावे आणि तिला गावातून उठवावे, हे कसे बसते? कोणावर करणीचा आळ घेणे २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही गुन्हा आहे. पण मंडळीने कायद्याची वाट पाहू नये.

इथवर वाचून शहरातल्या आपल्या मंडळ्यांनी निश्वास टाकू नये. मानवी संप्रदाय आपल्या बाकड्यांवरही बसलेला आहे. काही वर्षांपूर्वी एका पाड्यावर नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्या तरुणांनी मला विचारले, "ढोल वाजवून गाणे म्हटले तर पाप होईल का? आणि येशूला पावरी कळते का?" त्यांना कोणीतरी सांगितले होते की ढोल भुताचा आणि उपासना मराठीतच. सांगणारा आमच्याच माणसांपैकी होता. त्याच्या मांडीवर पेटी होती, आणि पेटी युरोपातून आली. तिच्याबद्दल शास्त्रात एक अक्षर नाही, ढोलाबद्दलही नाही. डफ आणि झांजा मात्र स्तोत्रांत आहेत (स्तोत्र १५०). मूर्तीपुढे वाहणे एक, आणि सागाच्या लाकडाला कातडे ताणून देवाची स्तुती करणे वेगळे. आपल्या आवडीला आपण वचनाचा शिक्का मारला की तो संप्रदाय झाला, मग तो कितीही सोवळा असो.

या बाबतीत पंडिता रमाबाई आपल्या मराठी मंडळीच्या मोठ्या गुरू आहेत. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्या भगिनींनी त्यांना आश्रय दिला त्यांच्याशीच पुढे त्यांचा पत्रांतून वाद झाला. चर्च सांगते म्हणून मानायचे, हे त्यांना पटेना. शास्त्रात आहे का, हा त्यांचा प्रश्न असे. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन शब्दच का, आमची संस्कृत का नको, असेही त्यांनी विचारले. त्या भगिनींचे उपकार मात्र त्यांनी नाकारले नाहीत. नंतर केडगावच्या मुक्तीमध्ये त्या स्वतः इब्री आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सगळे पवित्र शास्त्र उतरवले. १९२२ मध्ये त्या गेल्या, ते भाषांतर १९२४ मध्ये बाहेर आले. ऐकून मान डोलावणाऱ्या बाईच्या हाती त्यांना वचनच द्यायचे होते. बिरुयाच्या लोकांना तर पौलाचेही म्हणणे रोज शास्त्रात ताडून पाहायची सवय होती, आणि लूक त्यांना उद्धट न म्हणता थोर मनाचे म्हणतो (प्रेषित १७:११).

आणि एकदा ताडून भागत नाही. चौथ्या शतकात त्याच खोऱ्यात लावदिकीया येथे मंडळीच्या पुढाऱ्यांची सभा भरली, तेव्हा देवदूतांना आळवू नका असा नियम त्यांना करावा लागला. पौलाच्या पत्राला तेव्हा जवळपास तीनशे वर्षे झाली होती, आणि कलस्सैचे पत्र लावदिकीयातही वाचून दाखवा, असे त्याने मुद्दाम लिहिले होते (४:१६).

मी त्या उपदेशकाला भेटले. तिशीच्या आतला तरुण, उन्हातान्हात मोटारसायकलवर फिरणारा, लोकांविषयी खरा कळवळा असलेला. तो म्हणाला, "ताई, गोळ्या बंद करा असं मी कधीच म्हटलं नाही. विश्वास ठेवा, एवढंच म्हटलं." बहुधा ते खरे असावे. अर्धे वाक्य तो बोलला, उरलेले अर्धे ऐकणाऱ्यांनी पुरे केले, आणि मधली जागा माझ्या आमेनने भरली. बाटल्यांविषयी विचारले तेव्हा तो गप्प झाला. आम्ही दोघांनी मिळून कलस्सैकरांस पत्र वाचायचे ठरवले आहे. दोनदा बसलो, तिसऱ्या वेळी तो आला नाही. पुढच्याच महिन्याच्या सभेत मी उभी राहिले आणि माझे ते आमेन परत घेते असे सर्वांसमोर सांगितले. काहींना आवडले नाही.

बहिणीची थुंकी पुन्हा तपासली. देवाच्या दयेने जंतू औषधाला दाद देणारे निघाले, पण उपचार पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू करावा लागला. घरातल्या सर्वांची तपासणी करून घेतली. क्षयाच्या रुग्णाला सकस आहारासाठी सरकारकडून महिन्याला मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून पाचशेची हजार झाली आहे. तिचे बँक खाते जोडून घेतले. आपल्या मंडळीत कोणी रुग्ण असेल तर आशाताईकडे याची चौकशी जरूर करावी.

दर गुरुवारी संध्याकाळी तिच्या अंगणात वाचन होते. तिचा नवरा वाचतो, अडखळत. तो अडला की शाळेत जाणारी मुलगी शब्द सांगते. प्रार्थनेआधी ती सर्वांदेखत गोळ्या घेते, धन्यवाद देऊन, जेवणापूर्वी देतो तसा. तिचे अजून चार महिने उरले आहेत. तिच्यासाठी, सासूच्या डोळ्यांसाठी आणि त्या तरुण भावासाठी आपापल्या घरी नाव न घेताही प्रार्थना करावी. तो येत्या गुरुवारी येतो म्हणाला आहे.