रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल, तरी रेबीज

मानवत तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला कापूस वेचणीच्या दिवसांत पिसाळलेल्या कुत्र्यानं पोटरीला धरलं. जखमेत हळद भरली, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. नंतर एका खासगी दवाखान्यात रक्त तपासलं, आणि ‘सगळं नॉर्मल आहे, लसीची गरज नाही’ असं सांगून कागद हातात दिला. हा शेतकरी माझा मावसभाऊ. त्या कागदाबद्दल मला अजून शांतपणे बोलता येत नाही.

कारण कुत्रं चावल्यावर ‘रेबीज झाला की नाही’ हे सांगणारी रक्ततपासणी जगात कुठेच नाही. रेबीजचा विषाणू रक्तातून फिरत नाही. जखमेजवळच्या स्नायूंतून तो नसांत शिरतो आणि नसेनसेनं मेंदूकडे चढतो. या प्रवासाला बहुधा काही आठवडे ते महिने लागतात. तोवर पीसीआर करा, जिनोम सिक्वेन्सिंग करा, हाती काही लागत नाही. लक्षणं दिसली की तपासणी बोलू लागते, पण तेव्हा लस निरुपयोगी झालेली असते.

मावसभावाला आधी चावलेल्या जागी मुंग्या आल्या, मग ताप, मग दोन्ही पायांतलं बळ गेलं. लघवीवरचा ताबा सुटला. गावानं लकवा म्हटलं. शहरातल्या मोठ्या रुग्णालयानं गिया-बारे सिंड्रोम हा नसांचा आजार ठरवून महागडी इंजेक्शनं सुरू केली. पाण्याला घाबरणारा, अंगावर धावून येणारा रोगी नसला की डॉक्टरांच्याही मनात रेबीज येत नाही. पण साधारण पाचातल्या एका रुग्णात रेबीज असा लुळेपणाच घेऊन येतो.

रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरनं वहिनींना विचारलं, “कुत्रं-मांजर चावलं होतं का?” वहिनी म्हणाल्या, “चावलं होतं की. पण रिपोर्ट नॉर्मल होता.” त्या पोराचा चेहरा उतरला. वहिनींना त्याच क्षणी कळलं. मोठ्या डॉक्टरांनी मात्र दुसऱ्या दिवशी घरच्यांनाच खडसावलं, “हे आधी का नाही सांगितलं?” आधी कुणी विचारलंच नव्हतं. पुढे लाळेचा एक नमुना गेला, तो निगेटिव्ह आला, आणि ‘रेबीज नाही’ म्हणून बिल पुन्हा वाढत राहिलं. मानेमागच्या त्वचेच्या तुकड्यानं खरं काय ते सांगितलं, तेव्हा त्याची शुद्ध हरपली होती.

लाळेत विषाणू सतत उतरत नाही. मध्येच येतो, मध्येच नाहीसा होतो. म्हणून काही तासांच्या अंतरानं निदान तीन नमुने घ्यावे लागतात. मानेवर केसांच्या मुळांना नसांचं जाळं असतं, त्यामुळे तिथला तुकडा अधिक भरवशाचा. सोबत पाठीतलं पाणीही पाठवतात. एक निगेटिव्ह म्हणजे सुटका नव्हे, एवढं वाक्य त्या रुग्णालयातल्या एकानंही घरच्यांना सांगितलं नाही.

सिक्वेन्सिंगचा उपयोग कुठे? पीसीआर फक्त विचारलेल्या विषाणूला शोधतो. रेबीजचा संशयच नसेल तर त्याची तपासणी होत नाही. मेटाजिनोमिक सिक्वेन्सिंग नमुन्यातला सगळाच जनुकीय मजकूर वाचतं आणि ज्ञात जंतूंशी ताडून पाहतं. चीनमध्ये चावल्याची माहिती नसलेल्या मेंदूज्वराच्या रुग्णांत असा रेबीज सापडला आहे. पण नमुन्यात बहुतेक मजकूर माणसाचाच असतो, विषाणू कणभर. तो निसटू शकतो. शिवाय खर्च मोठा आणि निकालाला वेळ लागतो. चावल्याचं माहीत असताना आधी पीसीआरच मागावा. आपल्याकडे या कामातलं जाणतं ठिकाण म्हणजे बेंगळुरूची निम्हान्स; तिथला न्यूरोव्हायरॉलॉजी विभाग जागतिक आरोग्य संघटनेचं रेबीज सहयोगी केंद्र आहे. नमुना बर्फातून गेला पाहिजे, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून वदवून घ्या.

“वाचणारच नाही, मग निदान कशाला?” हा प्रश्न त्या रुग्णालयात एकानं चक्क तोंडावर विचारला. त्याचं एक उत्तर असं. अमेरिकेत २००४ मध्ये मेंदूतल्या रक्तस्रावानं गेला असं समजलेल्या एका दात्याचे अवयव आणि रक्तवाहिनीचा तुकडा इतरांना बसवले गेले. त्यांतले चौघे रेबीजनं दगावले. दात्याला वटवाघूळ चावलं होतं, हे नंतर उघड झालं. निदानामुळे निरर्थक उपचार थांबतात, घरच्यांना निरोपाची वेळ मिळते, आणि लाळेशी संबंध आलेल्यांना लस देता येते. वहिनींनी आणि पुतण्यानं ती घेतली, तीही स्वतः धावपळ करून.

बाकी सांगायचं ते सगळ्यांना ठाऊक असतं, तरी होत नाही. जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही नको. सरकारी दवाखान्यात त्वचेतली लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी देतात. एकही डोस चुकवू नका. रक्त आलं असेल तर जखमेतच रेबीजविरोधी सिरम किंवा मोनोक्लोनल अँटीबॉडी भरायला हवी. तशी अँटीबॉडी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनंच बनवली आहे. ‘सिरम संपलंय’ म्हटलं तर कुठे मिळेल ते लिहून मागा आणि त्याच दिवशी तिकडे निघा.

आणि कुत्रं मेलं तर ते कालव्याकडेला पुरू नका, उघड्या हातानं शिवूही नका. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. परभणीत पशुवैद्यक महाविद्यालय आहे. कुत्र्याच्या मेंदूची तपासणी माणसाच्या कुठल्याही तपासणीच्या कितीतरी आधी उत्तर देऊ शकते. पण त्या उत्तरासाठी लस थांबवायची नाही; पहिली टोचणी त्याच दिवशी.