परक्याच्या डोळ्यांनी राजा

इदी अमीनवरील ‘द लास्ट किंग ऑफ स्कॉटलंड’ (२००६) हा चित्रपट पाहून घरी आलो आणि का कोण जाणे, मला देवास आठवले.

चित्रपटातील डॉक्टर निकोलस गॅरिगन हे काल्पनिक पात्र आहे. अमीन मात्र खरा. १९७१ मध्ये लष्करी बंड करून तो युगांडाचा सत्ताधीश झाला आणि १९७९ मध्ये पदच्युत झाला. त्याच्या राजवटीत मारल्या गेलेल्यांचा अंदाज तीन लाखांपर्यंत जातो. तरुण गॅरिगन त्याच्या हास्यविनोदाला भुलतो, त्याचा खाजगी डॉक्टर होतो आणि माणसे नाहीशी होऊ लागली तरी बराच काळ पाहून न पाहिल्यासारखे करतो. १९७२ मध्ये आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम निघाला. पुढे अमीन उलट डॉक्टरलाच बोल लावतो, की तू मला ते पटवून दिले नाहीस! या प्रसंगी आपण हसतो, पण लगेच ओशाळतो.

आता देवास. धार आणि देवास ही माळव्यातील पवारांची संस्थाने. पैकी देवासच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव तिसरे यांचे खाजगी सचिव म्हणून कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२१ मध्ये काही महिने काम केले. त्यांचे ‘द हिल ऑफ देवी’ (१९५३) हे पुस्तक मुख्यतः घरी लिहिलेल्या पत्रांचे आहे.

तुकोजीराव म्हणजे अमीन नव्हेत, हे प्रथमच स्पष्ट केले पाहिजे. ते भाविक, लाघवी आणि कारभारात ढिले होते. साम्य आहे ते साक्षीदारात. १९२७ मध्ये युवराज विक्रमसिंह वडिलांच्या भीतीने देवास सोडून गेले. फॉर्स्टर मात्र मित्राच्याच बाजूने उभे राहिले. संस्थान कर्जात बुडाले, महाराज फ्रेंचांच्या पाँडिचेरीस गेले आणि १९३७ मध्ये तेथेच वारले. विक्रमसिंह १९४७ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले.

पुस्तकात गोकुळाष्टमीचा उत्सव डोळ्यांपुढे उभा राहतो, परंतु त्या उत्सवाचा खर्च ज्याच्या साऱ्यातून निघाला तो शेतकरी जवळजवळ दिसतच नाही. घरच्यांची करमणूक करण्याच्या भरात आपण जरा जास्तच विनोदी झालो, असे फॉर्स्टर यांनी प्रस्तावनेत प्रांजळपणे कबूल केले आहे. चित्रपटातही युगांडाची प्रजा बहुतेक मागेच राहते. अखेरीस डॉक्टर विमानात बसून सुटतो; त्याला वाचवणारा युगांडाचा डॉक्टर मारला जातो.

परक्याचा डोळा निरुपयोगी आहे, असे मी म्हणत नाही. घरच्यांना सवयीने न दिसणारे पुष्कळसे त्याला दिसते. पण तो बहुधा राजवाड्याच्या खिडकीतून पाहतो आणि पाहुणचाराचे ऋण त्याच्या लेखणीवर असते. म्हणून अशी साक्ष वाचताना साक्षीदार कोठे उभा होता, कोणाचे मीठ खात होता आणि त्याने कोणाला काहीच विचारले नाही, हे विद्यार्थ्यांनी आधी पाहावे.

आणि हाच प्रश्न कधी स्वतःलाही विचारावा. कारण भुलणारा डॉक्टर परकाच असतो, असे नाही.