‘सहन कर’ असं मीच त्याला शिकवलं होतं

नाशिकरोड स्टेशनवर मी २२ वर्षं रिक्षा चालवतो. इथल्या तोफखाना केंद्रात प्रशिक्षण संपवणाऱ्या जवानांची कसम परेड असली की आदल्या रात्रीपासूनच गाड्यांतून माणसं उतरायला लागतात. बिहार, आंध्र, राजस्थान, कुठून कुठून येतात. सोबत मुलासाठी घरून केलेलं काहीतरी डब्यात बांधलेलं असतं. त्यांना सकाळी गेटवर सोडायचं, दुपारी परत स्टेशनला आणायचं. येताना बापाच्या शर्टावर गौरव पदक असतं आणि मागच्या सीटवर कोणी फारसं बोलत नाही. माझा मुलगा अग्निवीर म्हणून लागला तेव्हा मनात एकच होतं, कधीतरी आपणही परक्या गावच्या रिक्षात असेच बसू. त्याचं केंद्र लांब, दुसऱ्या राज्यात. अकराव्या आठवड्यात फोन आला. डाव्या नडगीच्या हाडाला चीर गेली होती, ट्रेनिंग थांबवलं होतं.

पुढच्या पाच महिन्यांत आम्ही नवरा-बायको जे शिकलो ते लिहून ठेवतो. ज्यांच्या घरी असा फोन येईल त्यांच्यासाठी.

१. दुखणं लपवायला आपणच शिकवलेलं असतं.

दोन वर्षं पहाटे तो धावायचा आणि मी मैदानाच्या कडेला मोबाइलवर वेळ लावून उभा असायचो. त्याच्या भरतीला १६०० मीटर ५ मिनिटं ३० सेकंदांत काढले तर पूर्ण मार्क होते. एकदा तो पाचव्या मिनिटाला नडगी धरून खाली बसला. मी ओरडलो, ‘‘एवढ्या-तेवढ्याला बसतोस, फौजेत काय करशील? सहन कर.’’ तो उठला आणि पळाला. मला त्याचा फार अभिमान वाटला होता.

केंद्रात त्यानं तीन आठवडे काढले ते याच शब्दांवर. मोज्याखाली क्रेप बँडेज गुंडाळून तो कवायत करत राहिला. सिक रिपोर्टला, म्हणजे आजारी म्हणून तपासणीला, गेलो तर कामचुकार ठरू, ही भीती. शेवटी चालता येईना तेव्हा कवायत शिकवणाऱ्या उस्तादांच्याच लक्षात आलं. तो सुट्टीवर घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मी रागानं विचारलं, ‘‘आधी का नाही सांगितलंस?’’ तो शांतपणे म्हणाला, ‘‘पप्पा, तुम्हीच म्हणायचात ना.’’ मी बाहेर जाऊन रिक्षात बसलो. बराच वेळ बसलो.

हे मी इतरांनाही सांगतो. पोराला कणखर करा, जरूर करा. पण घामाचं दुखणं आणि हाडाचं दुखणं वेगळं असतं, तेही शिकवा. एकाच जागी बोट ठेवून दाखवता येतं, रात्री झोपलं तरी ठणकतं, रोज थोडं लवकर सुरू होतं, असलं दुखणं त्याच दिवशी सांगायचं असतं.

२. दुखणं समजून घेतलं की दोष द्यायची घाई कमी होते.

आधी आम्ही सगळ्यांना दोष दिला. जेवणाला, बुटांना, एकमेकांना. मग इथल्या एका हाडांच्या डॉक्टरांनी अर्धा तास देऊन समजावलं. हाडावर भार वाढला की शरीर आधी जुनं हाड पोखरतं आणि मग तिथं नवं भरतं. पोखरणं पटकन होतं, भरायला वेळ लागतो. धावणं आणि कवायत एकदम वाढली तर मधल्या काळात हाड कच्चं राहतं आणि तडकतं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ही चीर एक्स-रेत बरेचदा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसते. म्हणून ‘एक्स-रे चांगला आहे’ एवढ्यावर मुलाला नाटकी ठरवू नका.

डॉक्टर म्हणाले, हे दुखणं फौजेइतकंच जुनं आहे. एक्स-रेचा शोध लागायच्या ४० वर्षं आधी, १८५५ मध्ये, प्रशियाच्या ब्राइटहाउप्ट नावाच्या लष्करी डॉक्टरानं सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांबद्दल लिहिलं होतं. इस्रायलच्या २९५ नव्या सैनिकांच्या १९८५ साली छापलेल्या अभ्यासात ३१ टक्के जणांना अशा चिरा निघाल्या. मुलगा खाली मान घालून ऐकत होता. त्यानं मान वर केली. ‘‘म्हणजे शंभरात एकतीस?’’ महिन्याभरात पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झालेला मी पाहिला. आपण एकटे कच्चे निघालो, हे त्याला पायापेक्षा जास्त दुखत होतं.

३. नातेवाइकांना एकच वाक्य सांगा आणि तेवढंच सांगा.

‘‘परत पाठवला का?’’ हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात नऊ जणांनी विचारला. त्याची आई प्रत्येकाला सगळं सविस्तर सांगायची आणि आतल्या खोलीत तो ऐकायचा. मग आम्ही ठरवलं, ‘‘सुट्टीवर आलाय, पाय बरा झाला की जाईल.’’ पुढचं विचारलं की चहा ठेवायचा.

४. नवस मुलाला विचारून बोला.

त्याची आई अनवाणी वणीचा गड चढणार होती. तो म्हणाला, ‘‘आई, तू माझ्यासाठी पाय सोलून घेतलेस तर मला इथं बसवेल का? मला चढता येईल तेव्हा दोघं जाऊ.’’ ती थांबली. देवीनं समजून घेतलं असणार.

५. विश्रांतीलाही वेळापत्रक लागतं.

पहाटे जेलरोडला भरतीची पोरं धावत जातात. त्यांच्या पावलांचा आवाज आला की तो भिंतीकडे तोंड करायचा. दिवसभर मोबाइल, रात्री जागरण. मी समजुतीच्या गोष्टी सांगून दमलो. उपयोग झाला तो शेजारच्या निवृत्त सुभेदारांचा. ते स्वतः रिक्रूट असताना आजारपणामुळे मागच्या बॅचला टाकले गेले होते. तीस वर्षं शेजारी राहून आम्हाला ते ठाऊक नव्हतं. त्यांनी त्याला पाचला उठवायला सुरुवात केली. दाढी, अंथरुणाची घडी, मग खुर्चीत बसून हातांचे आणि पोटाचे व्यायाम, दुपारी नकाशावाचन. दूध, अंडी, सकाळचं ऊन आणि डॉक्टरांनी दिलेली ड जीवनसत्त्वाची गोळी. पाचव्या दिवशी तो त्यांच्या आधी उठून तयार बसला होता.

जुनी बॅच पुढे जाते ते मात्र फार लागतं. त्याच्या बॅचच्या परेडचे फोटो आले त्या रात्री तो जेवला नाही. आम्ही जेवायचा आग्रह केला नाही. ताट झाकून ठेवलं.

६. कागद जपा.

हा मुद्दा रुक्ष आहे पण सगळ्यात जास्त मी याचाच धसका घेतला. दुखणं पहिल्यांदा कधी कळवलं ती तारीख, एक्स-रे, एमआरआय, रुग्णालयातून सोडल्याचा कागद, सगळ्याच्या दोन-दोन प्रती. बहुतेक मुलं बरी होऊन परत रुजू होतात. पण एखाद्याला घरी पाठवायची वेळ आलीच तर अपंगत्व किती आणि ते सेवेमुळे आलं का, हे वैद्यकीय मंडळ ठरवतं. अग्निवीराला सेवेमुळे आलेल्या १००, ७५ आणि ५० टक्के अपंगत्वासाठी अनुक्रमे ४४, २५ आणि १५ लाख रुपये अशा तीनच पायऱ्या आहेत.

अधिकारी होऊ घातलेल्या कॅडेटांची गत मी नंतर वाचली. प्रशिक्षणात जायबंदी होऊन घरी पाठवलेल्या मुलांना माजी सैनिक मानत नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून हा विषय हाती घेतला, तेव्हा अशी सुमारे ५०० मुलं असल्याचं पुढे आलं. त्यानंतर त्यांना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत घेतलं गेलं. ते आधीच व्हायला हवं होतं. देशासाठी धावताना मोडलेला पाय परेडच्या आधी मोडला की नंतर, हा हिशेब मला आजही कळत नाही.

७. रविवारच्या फोनवर कमी बोला.

तो परत रुजू झालाय, मागच्या बॅचबरोबर. रविवारी थोडा वेळ फोन मिळतो. पहिल्या दोन रविवारी मी विचारलं, ‘‘पाय कसाय? पळतोस ना? परेड कधी?’’ त्याची उत्तरं आखूड होत गेली. आता मी तो काय सांगतो ते ऐकतो.

गेल्या रविवारी त्यानं आपणहून सांगितलं, ‘‘पप्पा, उजव्या नडगीत थोडं दुखतंय. काल उस्तादांना सांगितलं. उद्या सिक रिपोर्टला जातोय.’’

माझ्या पोटात गोळा आला. मी म्हणालो, ‘‘बरं केलंस.’’

मग त्याच्या आईनं फोन घेतला आणि जेवणात काय होतं ते विचारलं.